दोघींची लेक

सुलेखा येऊन महिना होत आला, तरी तिची मोठी बॅग अजून भरलेलीच होती. अभयच्या हे लक्षात आलं ते त्या रविवारी सकाळी, वरच्या खोलीतला पंखा का कुरकुरतो ते बघायला तो स्टूल घेऊन वर गेला तेव्हा. कपाटाचे खण रिकामे होते. दाराच्या खिळ्याला एक साडी आणि खिडकीत दात घासायचा ब्रश, एवढंच तिचं सामान बाहेर आलेलं.

ही खोली त्यानं आणि धाकट्या इंद्रजीतनं मिळून उन्हाळ्यात बांधून घेतली होती. जपानहून शिन्जी गेल्याचा फोन आला, त्याच आठवड्यात दोघा भावांचं ठरलं होतं. बहिणीचा नवरा गेला, पोरगा नोकरीला ओसाकात. आता ती तिकडं डोंगरातल्या खेड्यात एकटी कशाला राहील? खिडकी त्यांनी मुद्दाम हर्सूल तलावाच्या बाजूला काढली होती. लहानपणी सुली त्या काठावरची जांभळं फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायची आणि डागांसाठी मायचा मार खायची.

तो खाली आला तेव्हा सुलेखा अंगणात मायचे केस विंचरत बसली होती. पारूबाईंचे डोळे उन्हानं मिटले होते. माय म्हातारी झाल्यापासून तिचे केस असे कुणी निवांत विंचरले नव्हते. अभयला एकदम बरं वाटलं. आपण केलं ते योग्यच केलं, असं वाटलं.

"सुले, एक काम आहे तुझ्याकडं," तो पायरीवर बसत म्हणाला. "आज जेवायला सगळे आहेत. मेघाशी बोल."

"काय बोलू, दादा?"

"तुला माहीत आहे. तिचं त्या इटलीवाल्याचं."

मेघा त्याची एकुलती एक लेक. चितेगावच्या एका कारखान्यात इंजिनियर होती. तिथं नवी यंत्रं बसवायला इटलीहून लुका नावाचा मुलगा आला होता. वर्षभर राहिला, यंत्रं बसवून गेला, आणि गेल्यावरही रोज फोन करत राहिला. पंधरा दिवसांपूर्वी मेघानं घरात सांगून टाकलं होतं, लग्न करीन तर याच्याशीच.

"मी नाही म्हटलं तर मी जुन्या वळणाचा ठरतो," अभय म्हणाला. "तू सांगितलंस तर ती ऐकेल. तू सगळं भोगलं आहेस."

सुलेखानं कंगवा थांबवला. "मी खरं तेच सांगेन, दादा."

"खरंच सांग ना. मला तेवढंच पाहिजे."

पारूबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "कामून थांबली गं? इंचर की."

*

जेवणं हॉलमध्ये खाली बसूनच झाली. मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, आणि खुलताबादहून इंद्रजीतनं आणलेली सीताफळं. इंद्रजीतचं टीव्ही सेंटरला झेरॉक्सचं दुकान होतं. रविवारी ते बंद ठेवून तो ताईसाठी कुठून कुठून काहीतरी घेऊन यायचा.

मेघा आईच्या शेजारी बसली होती. आजचा विषय काय आहे हे तिला सकाळपासूनच कळलं होतं. पप्पा दोनदा विनाकारण खाकरले होते. आई, म्हणजे रत्नमाला, तिच्या ताटात न विचारता भाकरी वाढत होती. त्या घरात आई पप्पांच्या बाजूची होती. काका कुणाच्याच बाजूचा नव्हता, तो फक्त हसवायचा. आजी काहीच बोलत नव्हती. राहता राहिली आत्या.

"आत्या, तू सांगच," मेघा स्वतःच म्हणाली. "पप्पांना वाटतं तू मला घाबरवशील. घाबरव."

सगळे हसले. सुलेखा हसली नाही. तिनं हात धुऊन घेतले आणि भिंतीला टेकून बसली.

"पहिल्यांदा तर नाव गेलं," ती म्हणाली. "त्यांच्या भाषेत ल नाही. सुलेखाची सुरेका झाले. पोस्टमन सुरेका, दुकानदार सुरेका. सुरुवातीला कुणी हाक मारली तरी मी मागं वळून बघायची नाही. मला वाटायचं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत."

"घ्या," अभय म्हणाला.

"मग थंडी. डिसेंबरात बर्फ पडायला लागला की मार्चपर्यंत रस्ता दिसायचा नाही. शिन्जी सकाळी शाळेवर शिकवायला जायचा. घरात मी आणि त्याची आई. ओकासान म्हणतात तिकडं, म्हणजे आईच. मला तिची भाषा नाही, तिला माझी नाही. दोघी शेगडीजवळ बसायचो, एकमेकींकडं बघून मान हलवायचो. दिवसभरात फक्त मान हलवायची, मेघा. संध्याकाळी माझी मान दुखायची."

इंद्रजीत फसकन हसला.

"हसू नको. त्या पहिल्या हिवाळ्यात मी न्हाणीघरात दार लावून मराठीत बोलायची, मोठ्यानं. आपल्या गल्लीतल्या सगळ्यांची नावं घ्यायची. दगडाबाई कुठं गेली, फकिरामामाची म्हैस व्याली का... स्वतःच विचारायची, स्वतःच सांगायची. आवाज बंद झाला तर तोंडातून भाषा जाईल, अशी भीती वाटायची."

मेघानं हातातली भाकरी ताटात ठेवली. हे आत्यानं कधी सांगितलं नव्हतं. फोनवर ती नेहमी सफरचंदाच्या झाडांबद्दल बोलायची, बर्फाचे फोटो पाठवायची.

"ऐकतेस ना?" अभय लेकीला म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "आणि आबा गेले तेव्हा काय झालं, ते सांग तिला."

आबा म्हणजे कडुबा, या तिघांचे वडील. ते गेले तेव्हा मेघा शाळेत होती. हॉलमध्ये झोपवलेले आबा आणि मोबाईल कानाला लावून अंगणात येरझारा घालणारे पप्पा तिला आठवत होते.

"रस्ता बंद होता," सुलेखा म्हणाली. "बर्फामुळं गाड्या सुटत नव्हत्या. तुझ्या पप्पांनी वाट बघितली, आणि मग नाइलाजानं... मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं."

"खांदा द्यायला ही नव्हती," अभय म्हणाला. "आबा शेवटपर्यंत दाराकडं बघत होते. हे मी बघितलंय, रत्ना. माझ्या वेळेला माझी पोरगी कुठंतरी बर्फात अडकलेली मला नको."

 मेघानं पहिल्यांदाच पप्पांकडं नीट बघितलं. आतापर्यंत तिला वाटत होतं, त्यांना लोकांच्या बोलण्याची भीती आहे. नात्यातले काय म्हणतील, विहारातले काय म्हणतील. हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

रत्नमालानं नवऱ्याच्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या सरकवला. मग ती सुलेखाकडं वळली. "पण ताई, एवढं होतं तर तुम्ही राहिलात कशा?"

सुलेखाला हा प्रश्न अपेक्षित नसावा. ती थोडा वेळ सीताफळाची एक बी बोटांत फिरवत राहिली.

"कशी राहिले... पहिल्याच वर्षी शरदात ओकासान अंगणातून ओरडत आली, काकी, काकी! मी धावत दारात गेले. मला वाटलं, आपल्याकडची कुठली काकी आली! तर तिच्या हातात टोपलीभर केशरी फळं. त्या फळालाच तिकडं काकी म्हणतात. मी खाली बसून रडायला लागले. तिला काही कळेना. मग शिन्जी आला, त्यानं तिला समजावलं, की हिच्या भाषेत काकी म्हणजे चुलती. त्या म्हातारीनं काय करावं? टोपलीतलं एकेक फळ उचलून माझ्यासमोर ठेवायला लागली. ही मोठी काकी, ही धाकटी काकी. ही जाड काकी."

आता सगळेच हसले, अभयसुद्धा. पारूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"नंतर मी त्यांच्या देव्हाऱ्यात बाबासाहेबांचा फोटो ठेवला. घाबरतच ठेवला. तिथं त्यांच्या पूर्वजांचे फोटो असतात. तिनं विचारलं, हे कोण? मला त्यांच्या भाषेत जेवढं येत होतं तेवढ्यात सांगितलं, यांच्यामुळं माझा बाप शाळेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सासऱ्यांच्या फोटोपुढं भाताची वाटी आणि बाबासाहेबांपुढंही भाताची वाटी. तेव्हापासून रोज आहे. एक दिवस चुकला नाही."

मेघा गुडघ्यांवर पुढं सरकली. "मग आता तुला वाईट नाही वाटणार, ते सगळं सोडून इथं राहायला?"

सुलेखानं हातातली बी ताटात ठेवली. तिनं आधी अभयकडं बघितलं, मग इंद्रजीतकडं.

"मी राहायला नाही आले गं," ती म्हणाली. "दादा, मला आल्याआल्याच सांगायचं होतं. तुम्ही वरची खोली दाखवलीत, आणि मग जीभच उचलेना. धम्मचक्र दिन झाला की मी परत जाणार आहे."

"परत?" इंद्रजीत म्हणाला. "कुणाकडं, ताई?"

"ओकासान एकटी आहे. नव्वदीच्या पुढं गेली. शिन्जी एकुलता होता, नातू ओसाकात. तिच्याजवळ माझ्याशिवाय कुणी नाही."

पारूबाई भिंतीला हात लावून उठल्या. त्यांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती. कुणाकडं न बघता त्या आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

*

पारूबाई खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडल्या. बाहेर अभय चढ्या आवाजात काहीतरी बोलत होता, इंद्रजीत त्याला थांबवत होता. त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

त्यांना आठवत होतं ते वेगळंच. विद्यापीठात पाली शिकायला आलेला तो गोरापान, बारक्या डोळ्यांचा पोरगा पहिल्यांदा घरी आला होता. त्यानं दारात बूट काढून ओळीत लावले, आणि मग घरातल्या सगळ्यांच्या चपलाही ओळीत लावल्या. कडुबांना तेवढ्यावरच तो आवडला होता. पारूबाईंना नव्हता आवडला. त्यांनी चार दिवस चूल पेटवली नव्हती. शेवटी कडुबा म्हणाले होते, "आपण गाव सोडून शहरात आलो तवा आपल्या मायनंबी चूल पेटवली नव्हती." मग त्या उठल्या होत्या.

दार वाजलं. सुलेखा आत येऊन खाटेच्या कडेला बसली.

"माय."

"तुह्या सासूला तू लागती. अन् मला नाय लागत?"

"असं नाही गं."

"कसं हाय मग? ती नव्वदीची, मी काय इशीची हाय? मलाबी रातीला पाणी लागतं. माह्याबी पायात गोळे येतात. म्या तीस वरीस वाट बघितली. जावई गेला, लई वाईट झालं. पर मनाला म्हणलं, आता तरी लेक घरी येईल."

 सुलेखानं मायच्या पायावर हात ठेवला. पारूबाईंनी पाय ओढून घेतला, आणि एकदम उठून बसल्या.

"लाव फोन."

"कुणाला?"

"तुह्या त्या दुसऱ्या मायला. मी बोलते तिच्याशी. बाई माणूस हाय, तिला समजंल."

"माय, ती फोनवर बोलत नाही. तिला लाज वाटते. आणि भाषा..."

"तू हाईस ना मधात? लाव."

इतक्या वर्षांत या दोघी एकदाही बोलल्या नव्हत्या. लग्नाला ओकासानला प्रवास झेपला नव्हता, आणि पारूबाईंना विमान नको होतं. सुलेखानं मोबाईल उशीला टेकवून उभा केला. बराच वेळ रिंग वाजली. मग पडद्यावर आधी एक छत दिसलं, मग एक कान, आणि मग एक बारीक, सुरकुतलेला, पांढऱ्या केसांचा चेहरा. तिकडं संध्याकाळ झाली होती. म्हातारीच्या मागं दिवा लागला होता.

ओकासाननं पारूबाईंना बघितलं आणि ती घाईघाईनं वाकली, इतकी खाली की पडद्यावरून दिसेनाशीच झाली. वर आल्यावर तिनं दोन्ही हात जोडले. "जाइ बीमु."

पारूबाईंचे हात आपोआप वर गेले. "जयभीम, बाई."

एव्हाना दारात अभय, रत्नमाला, इंद्रजीत, मेघा असे सगळेच गोळा झाले होते.

"सांग तिला," पारूबाई म्हणाल्या. "म्हणावं, तुमी माह्या लेकीला संभाळलं, लई उपकार. पर आता मला ती पाहिजे. मी तिची माय हाय."

"माय, असं एकदम..."

"जसं बोलली तसं सांग."

सुलेखानं सांगितलं. तिचा आवाज त्या भाषेत वेगळाच व्हायचा, जरा बारीक, जरा वरचा. पारूबाई तो पहिल्यांदाच ऐकत होत्या. आपल्याच पोटच्या पोरीचा एक आवाज आपल्याला माहीत नव्हता.

ओकासान ऐकत मान हलवत होती. "आरे," ती मध्येच म्हणाली, अगदी आपल्या अरेसारखं. मग ती बोलायला लागली. हळूहळू, थांबत थांबत, बराच वेळ बोलली. सुलेखाचा चेहरा उतरत गेला. 

"काय म्हणती?"

सुलेखानं पदरानं नाक पुसलं. "म्हणते, तुमचं बरोबर आहे. लेक तुमची आहे. तिला ठेवून घ्या. गावातल्या वृद्धाश्रमात मी जागा बघून ठेवली आहे. सुरेकाला सांगितलं नाही, कारण मग ती गेलीच नसती." ती थांबली. "मला हे माहीत नव्हतं, माय. माझ्यामागं तिनं..."

"आणिक काय म्हणली? लई बोलत व्हती."

"म्हणते, हिचा डावा गुडघा थंडीत धरतो, तिथं ऊन आहे, ते बरं होईल. हिला झोप लागली नाही तर सांगत नाही, उठून भांडी घासत बसते. तेव्हा रागवू नका, जवळ जाऊन नुसतं बसा. शिन्जी गेल्यापासून भात कमी खाते. लोणचं दिलं तर खाते."

 पारूबाई लेकीच्या डाव्या गुडघ्याकडं बघत होत्या. महिनाभर ती जिना चढत होती, उतरत होती. गुडघा धरतो, हे त्यांना दिसलं नव्हतं. परवा पहाटे मोरीत भांडी वाजली तेव्हा त्यांना वाटलं होतं, रत्नमाला लवकर उठली.

"सांग तिला," त्या म्हणाल्या, "आश्रमाबिश्रमात जायचं नाय. आपली माणसं असताना बाईनं परक्यात कामून राहावं? लेक येती म्हणावं."

सुलेखानं सांगितलं. ओकासाननं जोरजोरात हात हलवला, नाही नाही. ती काहीतरी म्हणाली. पारूबाईंनी अर्थ विचारला नाही, त्यांनीही हात हलवला. "नाय म्हणजे? येती म्हणलं ना! घिऊन टाका तिला."

तिकडून पुन्हा हात. इकडून पुन्हा हात. इंद्रजीतला हसू आवरेना, त्यानं तोंडावर रुमाल धरला. दोन्ही म्हाताऱ्या आवाज चढवून आपापल्या भाषेत भांडत होत्या. दोघींनाही मध्यस्थ लागत नव्हता.

"अगं थांबा!" सुलेखा एकदम ओरडली. आधी मराठीत, मग जपानीत. दोघी थांबल्या.

"मला कुणी विचारणार आहे का?"

पारूबाईंनी तिच्याकडं बघितलं. "बरं. सांग, तुला काय पाहिजे?"

सुलेखानं हात मांडीवर घट्ट धरले. "मला जायचंय, माय. ओकासानसाठी नाही. म्हणजे तिच्यासाठीही आहे, पण ती नसती तरी मी गेले असते. शिन्जी तिथं आहे. मी लावलेली झाडं तिथं आहेत, सफरचंदं उतरवायला आली असतील. इथं आले की मला सगळं आठवतं, तलाव, आबा, गल्ली. छातीत भरून येतं. पण सकाळी जाग येते तेव्हा मी तिथल्या खिडकीकडं तोंड करून उठते, आणि समोर भिंत असते. माझं घर तिकडंच झालं गं. कधी झालं ते मला कळलं नाही."

अभयनं दाराच्या चौकटीवर कपाळ टेकवलं.

 पारूबाई म्हणाल्या, "मग तसं सांगायचं ना आधीच. सासूचं नाव कामून पुढं करती?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता काय बरं वाटलं?" त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा होता. "घरी जाती म्हणल्यावर मी काय आडवी पडणार हाय? दुसऱ्याच्या चाकरीला जाती, तिथं मरमर करती, असं वाटलं म्हणून जीव जळत व्हता." त्या मोबाईलकडं वळल्या. पलीकडं ओकासान काळजीनं वाट बघत होती. "बाई, ती तिच्या मनानं येती. तिला लोणचं देत जा. अन् बर्फ पडला की धाडून देत जा इकडं, गुडघ्याला ऊन मिळंल."

हे मात्र सुलेखाला नीट सांगता येईना. ओकासाननं तिच्या चेहऱ्यावरूनच काय ते ओळखलं असावं. ती पुन्हा वाकली, आणि पुन्हा पडद्यावरून नाहीशी झाली.

फोन बंद झाल्यावर पारूबाईंनी पाय खाली सोडले. "रत्ना, माहं ताट कुठं हाय? का मांजराला घातलं?"

"ताजं वाढते, आई."

*

चहाच्या वेळी अभय अंगणात पायरीवर येऊन बसला. मेघा त्याच्या शेजारी बसली.  आतून सुलेखा आणि माय यांचं बोलणं ऐकू येत होतं. तिकडच्या थंडीत कैरीचं लोणचं टिकतं का, असं काहीतरी चाललं होतं.

"आबांचं मी तिच्यावर धरून ठेवलं होतं," अभय म्हणाला. "इतकी वर्षं. आणि ती न्हाणीघरात बसून आपल्या गल्लीची नावं घेत होती."

"पप्पा, तुमच्या वेळेला मी नसेन, अशी भीती वाटते ना तुम्हाला?"

"वाटते." त्यानं लपवलं नाही. "ती जाणार नाही. तू कितीही सांगितलंस तरी जाणार नाही."

"मलाही वाटते."

त्यानं मान हलवली. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यात चहा नव्हता.

"त्या लुकाच्या आईला इंग्रजी येतं का?"

मेघा चमकली. "नाही. अजिबात नाही."

"मग मी तिच्याशी बोलणार कसा? तू शिकते आहेस का तिची भाषा?"

"शिकतेय."

"कितपत आली?"

"जेवलात का, एवढं विचारता येतं."

अभय थोडा वेळ समोरच्या रस्त्याकडं बघत राहिला. मग रिकामा कप तिच्या हातात देत म्हणाला, "तेवढ्यावर सुरुवात होते. लाव फोन."